हब फिरवायला कोण उतरणार

१४ जुलै १९९७, सोमवार. केडगाव

गाडी दारात येऊन अकरा दिवस झाले. अजून सवय नाही. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की समोर ती उभी, आणि मी रोज पातेलं हातात घेऊन क्षणभर थांबते. रंग ओल्या राखेसारखा. बॉनेट माझ्या छातीला लागतं. पाठीवर एक जादा चाक घेऊन उभी, प्रवासाला निघालेल्या माणसानं वळकटी घ्यावी तशी.

हे पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं सरकारी जीप चालवत हिंडले. मे महिन्यात रिटायर झाले आणि पहिल्यांदा स्वतःची गाडी घेतली, तीही चारही चाकांना जोर लावता येणारी. सगळे म्हणाले, या वयात एवढी मोठी कशाला, छोटी घ्या. हे प्रत्येकाला एकच विचारायचे, "सुषमाच्या दवाखान्यापर्यंत छोटी जाईल का, तेवढं सांगा." तिथं बोलणं संपायचं.

गाडी ताब्यात घेताना दुकानातल्या माणसानं चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. ह्यांनी वाकून एकेक उचललं, त्याच्या ओंजळीत दिलं. "सरबत करा," म्हणाले. घरी आल्यावर आम्ही तिघांनी गाडीसमोर त्रिसरण म्हटलं. आमच्या नातीचा, मीनूचा आवाज सर्वांत मोठा. आठ वर्षांची आहे, तिला वाटतं मोठ्यानं म्हटलं की लवकर पोचतं.

१६ जुलै

मला चढता येत नाही. साडीत पाय एवढा उचलत नाही. ह्यांनी माळ्यावरून सागवानी पाट काढला, आमच्या लग्नातला. दारापाशी ठेवला, मी पाटावर, पाटावरून आत. मग पाट मागच्या सीटमागे. मीनू म्हणते, "आजी, तू जेवायला बसतेस की गाडीत?"

तिला शाळेत सोडायला मीही जाते. माझीच शाळा, कॉन्व्हेंट. आज गाडी कंपाउंडच्या भिंतीशी उभी होती आणि मला भिंतीपलीकडचं दिसलं. मी त्या भिंतीच्या आत दहा वर्षं शिकले, आणि बाहेरून चाळीस वर्षं ये-जा करते आहे. बाहेरून आतलं कधी दिसलं नव्हतं. विहिरीजवळचा पेरू अजून आहे. खोड वाकलंय. एवढ्या वर्षांत फक्त एक हात उंच बसायची गरज होती.

१९ जुलै, शनिवार. सुषमाकडे

पहिली फेरी. लिहायलाच हवं.

लेक सुषमा पाथर्डीच्या पलीकडे सरकारी दवाखान्यात डॉक्टर. जावई नागपूरला. दवाखान्याच्या गावी मीनूसाठी शाळा नाही म्हणून ती आमच्याकडे, आणि दर शनिवारी शाळा सुटली की आईकडे न्यायची, रविवारी संध्याकाळी परत. गेलं वर्षभर हे एस.टी.नं चाललं होतं. पाथर्डीपर्यंत एस.टी., पुढं जीप, आणि शेवटी ओढ्यापाशी उतरून चालत. पावसाळ्यात चार चार शनिवार चुकायचे. मग मीनू जेवायची नाही.

करंजी घाट चढलो. वर वारा. नंतर डांबर संपलं, अकरा किलोमीटर मातीचा रस्ता, आणि ओढा. पूल नाही. ह्यांनी अलीकडे गाडी थांबवली.

चारही चाकांना जोर आपोआप लागत नाही, हे मला आज कळलं. आधी खाली उतरायचं. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढी एक चकती आहे, तिला हब म्हणतात. ती हातानं फिरवायची. एका खुणेवर फ्री, एका खुणेवर लॉक. दोन्ही लॉक केले की मग वर बसून छोटा गिअर ओढायचा. ह्यांनी मीनूला उतरवून दाखवलं, पाटबंधाऱ्याचं गेट दाखवतात तसं. "एक जरी फ्री राहिला तरी पुढची दोन्ही चाकं नुसती शोभेची. समजलं?"

पाणी दाराच्या तळाला लागलं. गाडी पाण्यात शिरली ती म्हशीसारखी, घाई नाही, घाबरणं नाही. तळाचे गोटे चाकांखाली हलत होते ते मला तळपायांना कळत होतं. पलीकडे चढली. मीनूनं माझा हात धरला होता, तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

सु. ओट्यावर उभी होती. "पायी आला नाहीत?" एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन तोंड धुवून आली.

२ ऑगस्ट

जाताना रस्त्यात बाजाराला निघालेल्या तीन म्हाताऱ्या. ह्यांनी थांबवली. पाट काढला. एकीनं पाटाकडे पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या, मग त्यावर पाय ठेवला. "कुनाच्या घरचा पाट हाय, त्याच्यावं चपलंनं कशी चढू?" वर बसल्यावर खिडकीबाहेर बघत राहिली. "आगं, माजं शेत दिसतंय हितनं," दुसरीला म्हणाली. "समदं दिसतंय."

मला पेरू आठवला.

९ ऑगस्ट, शनिवार

आज अडकलो.

पाणी फारसं नव्हतं. पलीकडच्या चढावर चिखल मात्र गुडघाभर. हे उतरले. मी म्हटलं, मी फिरवते एका बाजूचा. "तू साडी सांभाळ." दोन्ही बाजूंचे हब ह्यांनीच फिरवले, वर बसले, छोटा गिअर ओढला, पाणी पार झालं. चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चिखल काचेपर्यंत उडाला. मागं घेतली, पुन्हा. तीनदा. तिसऱ्या वेळी अजूनच रुतली.

वरच्या शेतातून ज्ञानदेव नावाचा माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. त्याच्याबरोबर पाचसात जण बघायला. दोर बांधायला तो पुढच्या चाकापाशी वाकला आणि हसला.

"सायेब, ह्यो डावीकडचा मोकळाच हाय की. लाक कुटं केला तुमी?"

हे उभे होते. पँट मांडीपर्यंत ओली. ह्यांनी चाकाकडे पाहिलं नाही, ज्ञानदेवकडे पाहिलं. ज्या माणसानं बत्तीस वर्षं कालव्यावरच्या लोकांना एक इंच इकडचा तिकडं होऊ दिला नाही, त्याचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "तो मी फिरवला. उलटा फिरला वाटतं."

"बाई, फिरवताना बगायचं आस्तं. लिवल्यालं हाय त्येच्यावं."

"हो. बघायला हवं होतं."

ट्रॅक्टरनं ओढून काढली. गाडीत बसल्यावर मीनू माझ्या कानाशी आली. "आजी, तू तर खाली उतरलीच नव्हतीस." मी तिचा हात दाबला.

१० ऑगस्ट. सु.कडेच

जेवताना ह्यांनी सु.ला सांगितलं. "तुझ्या आईला कॉन्व्हेंटमध्ये शिकून लॉक आणि फ्री वाचता येत नाही." सु. खूप हसली. मीही हसले. मीनू भात कालवत राहिली.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी ह्यांच्या हाताकडे बघत होते. वाटीतली आमटी वाढून घेताना पळी वाटीच्या काठाला लागली, मग आत गेली. आधी काठ शोधला, मग आत.

१२ ऑगस्ट

आता सगळं दिसायला लागलंय. पेपर घेतात, उलटतात, घडी घालतात. बातम्या रेडिओवरच्या सांगतात. चहाचा कप ठेवताना आधी करंगळी टेबलाला टेकवतात. दाराच्या उंबऱ्याला डावा पाय तीनदा लागला. मी मोजत नव्हते, तरी मोजलं.

आणि रोज सकाळी मीनूला घेऊन, एवढ्या ट्रकांमधून.

१८ ऑगस्ट

केडगावच्या वळणावर डावीकडून सायकलवाला आला. मी "अहो" म्हटलं तेव्हा ब्रेक लागला. सायकलवाला शिव्या देत गेला.

"दिसला होता मला," हे म्हणाले.

शाळेपर्यंत डावी बाजू मी बघत होते. उद्यापासून हेच माझं काम. पण मी "अहो" म्हणायच्या आत काही झालं तर.

२० ऑगस्ट

सरळ विचारलं. डोळे दाखवायचे का? "चष्म्याचा नंबर वाढलाय. दिवाळीनंतर बघू." मग अंगणात जाऊन गाडी पुसायला लागले. पुसलेलीच होती. मी खिडकीतून बघत होते. हात किती मायेनं फिरतो त्या पत्र्यावर. बत्तीस वर्षं दुसऱ्याची गाडी.

वडिलांचे हात असे फिरायचे. लष्कराच्या डेपोत गाड्या धुवायचे ते. तीस वर्षं. दसऱ्याला सगळ्या गाड्या धुवून, पुसून, झेंडूच्या माळा घालून उभ्या करायच्या, मग ड्रायव्हर येऊन बसायचे. मी सहासात वर्षांची असताना एकदा मला बघायला नेलं होतं. रांगच्या रांग, सगळ्या चमकणाऱ्या. मी विचारलं, दादा, यातली तुमची कोणती? म्हणाले, सगळ्याच. पण स्टेअरिंगवर ते कधी बसले नाहीत. बसायला कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

२७ ऑगस्ट

शिकाऊ लायसन्स काढलं. ह्यांना सांगितलं नाही. वय सत्तावन्न. खिडकीतल्या माणसानं फॉर्म पाहिला, मला पाहिलं. "स्वतःसाठी?" म्हटलं, हो. "फोटोत हसू नका मॅडम," म्हणाला. मी हसत नव्हते. घाबरले की माझा चेहरा तसा होतो.

ड्रायव्हिंग क्लास दुपारी तीनला, हे झोपतात तेव्हा. सांगितलं, महिला मंडळ.

३ सप्टेंबर

क्लासची छोटी गाडी. मास्तर बाजूला, त्यांच्या पायाशीही ब्रेक. क्लच सोडला की बंद. सोडला की बंद. मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत शिकवायच्या ना? मग पोरांना जसं हळू सोडायचात तसा क्लच सोडा." मी म्हटलं, मी पोरांना हळू सोडत नसे.

नजर सारखी बॉनेटवर जाते. आणि आज एकदम शाळेतल्या सिस्टर आग्नेस आठवल्या. पांढऱ्या झग्यात, बाह्या वर करून जीप चालवायच्या. आम्हा बारा मुलींना मागं कोंबून चांदबिबीच्या महालाला नेलं होतं, डोंगराच्या वरपर्यंत. बाईमाणूस जीप चालवताना तोवर मी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही फार नाही. मी त्यांच्या मागंच बसले होते. विचारलं, सिस्टर, भीती नाही वाटत? त्यांचं मराठी मोडकं. "जवळ बघितला तर भीती. लांब बघ. गाडी तुझी नजर जाते तिकडे जाते."

लांब बघितलं. गाडी बंद पडली नाही. पन्नास पावलं गेली असेल. डोळ्यांत पाणी आलं, मास्तरांनी रुमाल दिला, म्हणाले धूळ फार आहे इथं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज फुटलं.

मी स्वयंपाकघरात. हे माझ्या कपाटात पोस्टाचं पासबुक शोधत होते. हाताला ते लायसन्स लागलं. बाहेर येऊन मीनूला म्हणाले, "हे काय आहे गं, वाच." मीनूनं वाचलं, मोठ्यानं, ती सगळं मोठ्यानं वाचते. "शिकाऊ अनुज्ञप्ती. आबा, आजीचा फोटो आहे. आजी गाडी शिकतेय."

मी पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभी राहिले.

मीनू म्हणाली, "आबा, फोटो एवढा मोठा आहे. तुम्हाला दिसला नाही?"

ह्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"मग त्या दिवशी हब पण तुम्हाला दिसला नव्हता. आजीनं फिरवलाच नव्हता."

तिला ओरडावं असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नसेल. हे खुर्चीत बसले. लायसन्स हातातच. अंगठा फोटोवरून फिरवत होते. मग म्हणाले, "हिला बाहेर खेळायला पाठव." ती गेल्यावर,

"गेल्या दिवाळीपासून. कडा गेल्यात. समोरचं दिसतं, पण धुक्यातून. त्या दिवशी हबवर चिखल होता, मला वाटलं खूण बरोबर आहे. तुला माहीत होतं?"

"त्या दिवशीच कळलं."

"आणि मी सु.समोर तुझी चेष्टा केली."

मी म्हटलं, पीठ वाळतंय. आत आले. पोळ्या केल्या. एकही फुगली नाही.

११ सप्टेंबर

नगरला डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, उजव्यात मोतीबिंदूही. मोतीबिंदू काढता येईल, दिवाळीनंतर. काचबिंदूनं नेलं ते परत येणार नाही. जे उरलंय ते राखायचं. थेंब दिवसातून तीनदा, कायमचे. गाडी चालवायची नाही. हे म्हणाले, "कधीपर्यंत?" डॉक्टर पेन ठेवून म्हणाले, "ऑपरेशननंतर तपासू. पण काका, आशा मी देणार नाही."

घरी रिक्षानं आलो. गाडी अंगणात तशीच. हे तिच्याजवळून गेले, हात लावला नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

कुणी कुठे गेलं नाही. मीनूनं दप्तर भरलं होतं. दुपारी स्वतःच रिकामं केलं.

१५ सप्टेंबर

गफूरभाई आले होते. त्यांचं गॅरेज कोपऱ्यावरच. ह्यांनी गिऱ्हाईक बघायला सांगितलं. गफूरभाई चहा तसाच ठेवून म्हणाले, "साहेब, ऑइलसुद्धा बदललं नाही अजून पहिलं." तरी एक माणूस आहे म्हणाले, राहुरीकडचा. दसरा झाला की बघायला येईल.

ते गेल्यावर मी म्हटलं, मी शिकतेय ना.

"छोट्या गाडीवर. गुळगुळीत रस्त्यावर."

"मोठीवर तुम्ही शिकवा."

हे गफूरभाईंचा कप आत ठेवून आले. मग, "ओढा पार केलास तर गिऱ्हाईकाला नाही म्हणून सांगेन. नाहीतर विकायची. अंगणात पूजेला ठेवायला घेतली नाही मी."

मी म्हटलं, कबूल.

१६ सप्टेंबर

माळावर, रेल्वेलाइनपलीकडे. पहाटे साडेपाच, कुणी नसतं. गाडी तिथवर गफूरभाईंनी आणून दिली. पाट उजव्या दाराशी मी स्वतःच ठेवला. चढले. आणि काही सुचेना. केवढी उंच, केवढी रुंद. काचेतून सगळा माळ एकदम अंगावर येतो. पार चांदबिबीच्या महालाचा डोंगर, त्यामागून उजेड. एवढं सगळं आता माझ्या दोन हातांत, असं वाटलं. वडील असते तर त्यांना बसवलं असतं इथं. फक्त बसवलं असतं, चालवायला नाही.

हे डाव्या सीटवर, डोळे मिटून. मी विचारलं, असं का? "आवाज ऐकतोय. तुझा रस्ता तू बघ."

२१ सप्टेंबर

मला ह्यांचं आश्चर्य वाटतं. मिटल्या डोळ्यांनी सांगतात, "दुसरा टाक... आता तिसरा... क्लचवरचा पाय काढ, तिला जळल्याचा वास येतो." कधी कधी तर मी चूक करायच्या आधी सांगतात. म्हटलं, कसं कळतं? "इंजिन आधी कुरकुरतं. तुझ्यासारखं."

चढावर थांबवून पुन्हा उचलायला शिकले. सातदा मागं गेली. आठव्यांदा उभी राहिली, थरथरत, आणि मग पुढं. हे म्हणाले, "हं." बत्तीस वर्षांत हाताखालच्या लोकांना याहून मोठी शाबासकी मिळाली नाही म्हणे.

२९ सप्टेंबर

परीक्षा. इन्स्पेक्टर तरुण. गाडी पाहून म्हणाले, "आजी, ही कुणाची?"

"आमची."

"छोटी आणायची ना परीक्षेला."

"चालवायची ही आहे."

आठचा आकडा, मागं घेणं, चढ. खाली उतरताना पाट नव्हता, हे बाहेर उभे होते, पाट घरीच राहिला. इन्स्पेक्टरनं हात दिला. पास.

मीनूनं शाळेत सगळ्यांना सांगितलं. उद्यापासून शाळेत सोडायला मी एकटी. हे फाटकापर्यंत येऊन उभे राहणार, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत.

४ ऑक्टोबर, शनिवार

ओढ्यापर्यंत गेलो. घाट मी चढवला. हात दुखतायत, लिहिताना अक्षर वाकडं येतंय.

पण वर डोंगरात पाऊस झाला होता. पाणी लाल, आणि मधला मोठा गोटा, ज्यावरून हे खोली ठरवतात, तो दिसेना. हे म्हणाले, "गोटा दिसतो का?" मी म्हटलं, नाही. "मग आज नाही." कुणी वाद घातला नाही. त्या एका वाक्यात मला ते पुन्हा पूर्वीचे साहेब वाटले.

पलीकडे सु. येऊन उभी होती, छत्री घेऊन. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मीनूनं चित्रकलेची वही उघडून डोक्यावर धरली, एकेक पान उलटत. सु. प्रत्येक पानाला मान हलवत होती. तिला तेवढ्या लांबून काय दिसलं असेल. तासभर असं चाललं. मग ती वळली, आम्ही वळलो.

परतताना फक्त घाटात हे म्हणाले, "उतारावर दुसऱ्यातच ठेव."

७ ऑक्टोबर

दुपारी खिडकीतून बघितलं. अंगणात हे पुढच्या चाकापाशी पाटावर बसलेले. डोळे मिटलेले. बोटांनी हब चाचपतायत. फिरवतात, थांबतात, नखानं खाच शोधतात. बाजूला मीनू उकिडवी.

"आता?"

"लॉक."

"आता?"

"फ्री."

"आता?"

"आबा, मधेच आहे."

"हं. थांब. आता?"

"लॉक."

मग मीनूनं मूठभर चिखल आणला आणि हबवर थापला. "असं ओळखा." हे हसले. चिखलातून बोटं फिरवली. बरोबर आलं. पुन्हा चिखल. पुन्हा बरोबर.

मी बाहेर गेले नाही. भाजी करपली. किती तरी वेळ मी तिथंच. या माणसाबरोबर चौतीस वर्षं राहिले, आणि त्यांच्या बोटांना असं काही येतं हे मला माहीत नव्हतं.

९ ऑक्टोबर

राहुरीच्या माणसाचा फोन. सोमवारी येतो म्हणाला. ह्यांनी "या" म्हटलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. ओढ्याच्या अलीकडे, सकाळचे दहा

गाडीतच लिहितेय. पाणी उतरायची वाट बघतोय.

सकाळी गल्लीतल्या सगळ्या गाड्यांना, सायकलींनासुद्धा, झेंडूच्या माळा. मीनूचं तोंड एवढंसं. ह्यांना आवाजावरून कळलं असावं. म्हणाले, "फुलं बांध. लिंबू नको." मीनूनं बांधली, आरशाला, हँडलला, मागच्या जादा चाकालाही. मी लांबून पाहिलं, धुतलेली, पुसलेली, माळ घातलेली. दादा असते तर आता बाजूला सरकले असते, ड्रायव्हरला जागा द्यायला.

मी निघायला आले तर पाट उजव्या दाराशी ठेवलेला. मी ठेवला नव्हता. हे पलीकडे गाडीला टेकून उभे, आकाशाकडे तोंड करून, जसं काही त्यांचा संबंधच नाही.

पाथर्डीच्या पुढं ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं भेटली. ट्रॅक्टरवर भांडी, कोंबड्या, लेकरं. एका बाईनं मला स्टेअरिंगवर पाहिलं, शेजारणीला कोपरानं ढोसलं. मी हात केला. तिनंही केला.

१०.२०. गोट्याचं डोकं दिसतंय. ह्यांना सांगितलं. "किती?" मी म्हटलं, वीतभर. "अजून थोडं."

पलीकडे सु. आली आहे. ज्ञानदेवही, ट्रॅक्टरसकट. त्याला कुणी बोलावलं कोण जाणे. ट्रॅक्टर बंद करून वर बसलाय, हाताची घडी घालून.

१०.४०. हातभर दिसतोय. "जायचं तर आता," हे म्हणाले आणि दार उघडलं. मी म्हटलं, मी उतरते, तुम्ही बसा. "तू चालवणारी. चालवणाऱ्यानं उतरायचं नसतं." पाट घेऊन उतरले. एक हात बॉनेटवर ठेवून पुढं गेले.

पाट चिखलात ठेवून त्यावर गुडघा टेकलाय. मला वरून फक्त टोपी दिसते. उजवीकडचा झाला. बॉनेटला हात लावून डावीकडे. इथं जास्त वेळ लागतोय. टोपी हलत नाही. हाच तो.

ज्ञानदेव पलीकडून ओरडला, "बाई, बगून घ्या येकदा." पाण्याचा आवाज कमी झालाय, स्पष्ट ऐकू आलं. ह्यांनाही आलं असणार.

वर येऊन बसले. पाट मांडीवर, चिखलानं भरलेला. कोपरापर्यंत हात लाल.

"दोन्ही?"

"दोन्ही."

मीनू मागून हळूच म्हणाली, "आजी, मी उतरून बघून येऊ?"

हे समोर बघतायत. बोटं पाटाच्या काठावरून फिरतायत, पुढं, मागं.

"नको," मी म्हटलं. छोटा गिअर ओढला. पलीकडचा चढ दिसतोय, त्याच्या वर सु., तिच्या वर आभाळ. ही वही मीनूकडे देते.